क्रमांकाची साक्ष
जुनी पिस्तुले, त्यांचे कारागीर आणि संग्राहक

(नाशिक येथील व्याख्यानाचा पाठ)



या नगरीच्या इतिहासात संत आहेत, शास्त्री-पंडित आहेत, क्रांतिकारक आहेत आणि एक पिस्तूलही आहे. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री येथील विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. मुंबईला बदली झालेल्या जिल्हाधिकारी जॅक्सनला निरोप देण्याचे ते निमित्त होते. त्या नाट्यगृहात जेमतेम अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे तिघे फासावर चढले. आज शहरात हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाचे मैदान आहे. तेथे क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना ते नाव ठाऊक असते. मात्र त्या रात्रीच्या हत्याराची कथा बहुतेकांच्या लेखी 'ब्राऊनिंग' या एका शब्दात संपते.

आजचा विषय त्या शब्दापाशी सुरू होतो. जुन्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांचा, त्यातही निष्णात कारागिरांनी स्वतःच्या हातांनी बदल केलेल्या पिस्तुलांचा संग्रह करणे हा पाश्चात्त्य देशांत एक अभ्यासाचा छंद मानला जातो. भारतात कायद्याने या छंदाला फार थोडी जागा ठेवली आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्या छंदातून एक शिस्त निर्माण झाली आहे. वस्तू कोणी घडवली, तिच्यात कोणी, केव्हा आणि कशासाठी बदल केला, याची अखंड नोंद ठेवण्याची ही शिस्त होय. ज्या नगरीच्या इतिहासात एक पिस्तूल आहे, तिला तरी या शिस्तीचे मोल समजावून सांगावे लागू नये.

पेटीचा दुहेरी तळ

प्रथम नाशिकच्या पिस्तुलांचा प्रवास पाहू. स्वातंत्र्यवीर सावरकर तेव्हा लंडनमध्ये होते. १९०९ च्या आरंभी त्यांनी वीस ब्राऊनिंग पिस्तुले आणि त्यांची काडतुसे मिळवली. 'इंडिया हाऊस'मध्ये स्वयंपाकाचे काम करणारे चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परतत होते. त्यांच्या सामानातील एका पेटीला दुहेरी तळ होता आणि त्या तळात ही पिस्तुले दडवून मुंबईला पोहोचवण्यात आली. त्याच सुमारास बाबाराव सावरकरांना अटक झाली. जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली आणि त्या खटल्याचा संबंध जॅक्सनच्या नावाशी जोडला गेला. पुढे डिसेंबरात जे घडले त्यातील हत्यार याच वीसांपैकी एक होते, असे सरकारच्या तपासात निष्पन्न झाले.

या प्रकरणात पिस्तुलाचा माग हाच खटल्याचा कणा होता. पिस्तुले कोठून आली, कोणी पाठवली, कोणत्या सामानातून उतरली आणि कोणाच्या हाती पडली, ही साखळी सरकारने कडी-कडी जोडत उभी केली. चतुर्भुज अमीन यांची साक्ष त्यातील महत्त्वाची कडी ठरली. मार्च १९१० मध्ये लंडनला सावरकरांना अटक झाली. जुलैत मार्सेय बंदरात त्यांनी घेतलेली उडी जगाने पाहिली. डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये झालेल्या दोन जन्मठेपांनी त्यांच्या माथी पन्नास वर्षांची शिक्षा आली. परकीय सरकारने आपल्या हेतूसाठी जी साखळी इतक्या काटेकोरपणे जोडली, तशी साखळी आपल्या इतिहासासाठी आपण किती वस्तूंच्या बाबतीत जोडली आहे, हा प्रश्न येथे मनात उभा राहतो.

ब्राऊनिंग म्हणजे काय?

ब्राऊनिंग हे एका माणसाचे आडनाव. जॉन मोझेस ब्राऊनिंग हे अमेरिकन बंदूक-रचनाकार १८५५ साली जन्मले आणि १९२६ साली बेल्जियममध्ये काम करता करताच निवर्तले. त्यांच्या रचनेची पिस्तुले बेल्जियममधील लिएजजवळच्या अर्स्ताल येथील कारखान्यात तयार होत. १९०० सालच्या त्यांच्या नमुन्याची सुमारे सात लाख पिस्तुले तेथे घडली. त्याचा व्यास ७.६५ मिलिमीटर होता. आपल्याकडे '३२ बोअर' म्हणतात तो हाच. युरोपात ते इतके पसरले की कित्येक ठिकाणी 'ब्राऊनिंग' हा शब्द पिस्तुलाचेच सामान्यनाम झाला.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांत आपल्या लिखाणात सर्रास गल्लत होते. रिव्हॉल्व्हरला फिरते नळकांडे असते. त्यातील प्रत्येक घर क्रमाने नळीसमोर येते आणि ते फिरवण्याचे काम माणसाच्या बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोरावर होते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटताना जो धक्का मागे बसतो, त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येताना नवे काडतूस नळीत बसते. चाप मात्र प्रत्येक वेळी ओढावाच लागतो, म्हणून ते 'अर्ध'स्वयंचलित. एका धक्क्याकडून इतकी कामे करून घ्यायची तर प्रत्येक सुटा भाग दुसऱ्याशी नेमका जुळावा लागतो. अंतर कमी पडले तर यंत्र अडकते आणि जास्त झाले तर नेम ढळतो. कारागिराची कसोटी या दोहोंमधील बारीक जागेत लागते.

कारागिराचा हात

ब्राऊनिंग यांचेच दुसरे अपत्य म्हणजे अमेरिकेच्या सैन्याने १९११ साली स्वीकारलेले कोल्ट कंपनीचे ४५ बोअरचे पिस्तूल. १९८५ पर्यंत ते त्या सैन्याचे नेहमीचे पिस्तूल होते. कारखान्यातून निघालेले असे पिस्तूल चिखलात, धुळीत, कोणाही शिपायाच्या हातात चालावे म्हणून किंचित सैल जुळणीचे असे. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला ती सैल जुळणी पुरेशी नव्हती. त्यातून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात एक नवी कारागिरी भरभराटीला आली. कारखान्याचे पिस्तूल घ्यायचे आणि हाताने त्याचा कायापालट करायचा, असे तिचे स्वरूप होते.

या कारागिरांची नावे त्या वर्तुळात आपल्याकडच्या तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या घराण्यांसारखी घेतली जातात. लुइझियानाचे जिम क्लार्क यांनी कोल्टचे '३८ सुपर' पिस्तूल '३८ स्पेशल' या काडतुसासाठी बदलून दिले. ऐकायला हा किरकोळ फरक वाटतो, पण '३८ स्पेशल' हे मुळात रिव्हॉल्व्हरचे काडतूस. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि एकावर एक रचल्यावर त्या कडा एकमेकींत अडकतात. स्पर्धेसाठी वापरली जाणारी त्याची गोळी तर सपाट तोंडाची, काडतुसाच्या काठाशी बेतलेली. तिला स्लाइडच्या पिस्तुलातून विनाअडथळा चालवणे हे कारागिराचे कौशल्य. त्यातून मिळाला तो मंद धक्का आणि कागदी लक्ष्यावर पडणारे स्वच्छ गोल छिद्र.

कॅलिफोर्नियाचे आर्मंड स्वेन्सन यांचे काम चापाभोवतीच्या कमानीवरून ओळखू येते. मूळची गोल कमान ते पुढून चौकोनी करत, म्हणजे दुसऱ्या हाताच्या बोटाला आधार मिळे. उजव्या-डाव्या दोन्ही हातांना चालेल असा सुरक्षा-खटकाही त्यांच्या कामाची खूण मानला जातो. कनेटिकटमधील लुई सीकॅम्प यांनी याहून अवघड प्रश्न हाती घेतला. १९११ च्या पिस्तुलात पहिली गोळी झाडण्यापूर्वी घोडा मागे ओढलेला असावा लागतो. सीकॅम्प यांनी चापाची यंत्रणाच अशी बदलली की पहिल्या वेळी चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडावा. न्यूयॉर्कच्या पॅरिस थिओडोर यांनी स्मिथ अँड वेसन कंपनीचे '३९' क्रमांकाचे पिस्तूल कापून लहान केले, त्याच्या साऱ्या कडा गुळगुळीत केल्या, माशीच्या जागी वर एक खोबण ठेवली आणि मुठीला पारदर्शक पट्ट्या बसवल्या, म्हणजे किती काडतुसे उरली ते एका दृष्टिक्षेपात दिसावे. १९७० च्या दशकातील हे रूपांतर 'एएसपी' या नावाने ओळखले गेले आणि आज संग्राहक ते शोधत फिरतात.

येथे एक कोडे पडते. नाणी जमवणारा घासलेले, चकचकीत केलेले नाणे नाकारतो. जुन्या पोथ्यांचा संग्राहक नव्या शाईने गिरवलेली अक्षरे पाहून हळहळतो. मग कापलेले, तासलेले, बदललेले पिस्तूल मोलाचे कसे ठरते? संग्राहकांचे उत्तर सरळ आहे. बदल ज्ञात हाताचा असेल, त्याचा हेतू स्पष्ट असेल आणि त्याची नोंद असेल तर तो बदल म्हणजे त्या वस्तूच्या इतिहासातील पुढचे पान. बदल अज्ञात असेल, नोंद नसेल, तर ते फाडलेले पान.

खुणा वाचण्याची विद्या

म्हणून खरा संग्राहक पिस्तूल हातात घेण्यापूर्वी त्याच्या खुणा वाचतो. पहिली खूण कारखान्याच्या नावाची, दुसरी क्रमांकाची. बऱ्याच जुन्या पिस्तुलांत हा क्रमांक सांगाड्यावर, स्लाइडवर आणि नळीवर वेगवेगळा कोरलेला असतो. तीनही जुळले तर वस्तू एकसंध आहे असे मानता येते आणि एखादा जुळला नाही तर तो भाग नंतर बदलला आहे. तिसरी खूण परीक्षेची. बेल्जियम आणि ब्रिटनमध्ये बंदुकीची नळी विकण्यापूर्वी अधिक दाबाच्या काडतुसाने तिची परीक्षा घेऊन ठसा उमटवण्याचा कायदाच आहे. लिएजच्या परीक्षागृहाचा अंडाकृती ठसा जाणकार लगेच ओळखतात. नळी बदलली वा व्यास बदलला की पुन्हा परीक्षा आणि पुन्हा ठसा. त्यामुळे युरोपातील पिस्तुलाच्या अंगावरच त्याचा जीवनवृत्तान्त लिहिलेला असतो.

अमेरिकेत अशी सक्तीची सरकारी परीक्षा नाही. तेथे क्लार्क वा स्वेन्सन यांचे काम सिद्ध करायचे तर कारागिराने कोरलेली खूण, त्याचे बिल, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार आणि कारखान्याच्या दप्तरातून मिळवलेला दाखला हेच पुरावे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पिस्तुलांपैकी ज्याच्यासोबत पिवळा पडलेला बिलाचा कागद असतो, त्याला कितीतरी अधिक किंमत येते.

मराठी माणसाला हे नवे वाटू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून आणि अडगळीतून जुनी पत्रे मिळवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. बखरीतील रसाळ कथेपेक्षा मूळ कागदाचा एक तुकडा अधिक बोलतो, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. शस्त्रावरचा क्रमांक हा असाच मूळ कागद आहे. तो पोलादावर लिहिलेला असतो, एवढेच वेगळे.

रंगाखाली दडलेले पिस्तूल

क्रमांक काय करू शकतो याचे अलीकडचे उदाहरण प्रत्येक देशभक्ताच्या अंतःकरणाला भिडणारे आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सचा वध झाला. त्या प्रकरणातील हुतात्मा भगतसिंग यांचे कोल्ट बनावटीचे ३२ बोअरचे पिस्तूल खटल्यानंतर पंजाब पोलिसांच्या फिल्लौर येथील प्रशिक्षण संस्थेकडे गेले. १९६९ साली ते इतर शस्त्रांबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रप्रशिक्षण केंद्रात आले. तेथील संग्रहालयात ते अनेक वर्षे इतर पिस्तुलांच्या रांगेत पडून होते. गंज लागू नये म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने त्यावर काळा रंग चढवला होता आणि त्या रंगाखाली क्रमांक झाकला गेला होता.

२०१६ मध्ये शोध सुरू झाला तेव्हा रंग खरवडण्यात आला. खाली १६८८९६ हा आकडा निघाला आणि तो जुन्या कागदपत्रांतील क्रमांकाशी जुळला. जे पिस्तूल तोवर केवळ एक जुने कोल्ट होते, ते त्या क्षणी राष्ट्राचा ठेवा झाले. पुढे २०१७ मध्ये ते पंजाबात, हुसैनीवाला येथे नेण्यात आले. रंगाऐवजी कोणी कानस फिरवली असती तर? मग जगातील कोणतीही श्रद्धा त्या लोखंडाला त्याचे नाव परत देऊ शकली नसती.

बंगालमधील उदाहरणही पाहण्याजोगे आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्याच्या रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माऊझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे लांबवली. या माऊझरची लाकडी पेटीच मुठीला जोडली की ते खांद्याला लावून बंदुकीसारखे वापरता येई. प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्याची नोंद कंपनीच्या दप्तरी होती. म्हणूनच १९१८ च्या रौलट समितीला ५४ प्रकरणांमध्ये यातील पिस्तुले वापरली गेल्याचे आणि त्यांतील ३१ परत हाती आल्याचे लिहिता आले. प्रयागच्या संग्रहालयातील चंद्रशेखर आझाद यांचे कोल्टही असेच. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी त्यांच्या बलिदानानंतर ते एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्याकडे गेले आणि स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षांनी इंग्लंडहून परत आले. त्याची हस्तांतराची साखळी तुटली नाही, म्हणून ते आज काचेआड दिसते.

माळ्यावरची पेटी

आता विषय आपल्या घरी येतो. महाराष्ट्रातील अनेक जुन्या वाड्यांत, इनामदार-वतनदारांच्या, निवृत्त सैनिकांच्या घरांत आजोबांच्या परवान्यावरचे एखादे पिस्तूल असते. खंडेनवमीला ते बाहेर निघते, पुसले जाते, त्याला हळद-कुंकू लागते आणि पुन्हा कपाटात जाते. १९८० च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून अशा परदेशी पिस्तुलांना बाजारात मोठी किंमत येऊ लागली. किंमत आली की त्यामागून दुरुस्ती येते. नवा मुलामा, नवी नळी, नव्या मुठी. वस्तू झळकते, पण तिचा वृत्तान्त पुसला जातो.

याच काळात कायदाही बदलला. शस्त्र कायदा १९५९ नुसार एका व्यक्तीस तीन बंदुका बाळगता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ही संख्या दोन झाली आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रालाही तीच मर्यादा लागू झाली. ज्यांच्याकडे तिसरे होते, त्यांना ते पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे एका वर्षात जमा करायचे होते. कायद्यामागील सुरक्षेचा विचार योग्यच आहे. परंतु जमा करताना कोणी त्या शस्त्राचे छायाचित्र काढले, क्रमांक लिहून घेतला, आजोबांचा जुना परवाना जपून ठेवला, अशी घरे किती असतील? वस्तू देणे हे नागरिकाचे कर्तव्य होते. माहिती हरवू देणे हे मात्र कोणत्याही कायद्याने सांगितलेले नव्हते.

काही गैरसमजही दूर व्हायला हवेत. शंभर वर्षे जुने झाले की पिस्तुलाला परवाना लागत नाही, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. पुरातन मूल्याचे शस्त्र कायद्यातून तेव्हाच वगळले जाते, जेव्हा ते वापरण्याचा हेतू नसतो आणि दुरुस्त करूनही ते चालण्याजोगे नसते. शंभर वर्षांपूर्वीचे ब्राऊनिंग पुष्कळदा आजही चालू शकते, म्हणून त्याला परवाना हवाच. दुसरे, शस्त्रावरचे नाव, क्रमांक वा खूण पुसणे, बदलणे किंवा खोटी कोरणे हा याच कायद्याच्या आठव्या कलमाने गुन्हा आहे. तिसरे, शस्त्राची दुरुस्ती वा रूपांतर परवानाधारक कारागिराखेरीज कोणाकडूनही करून घेता येत नाही. चौथे, शंभर वर्षांवरील पुरावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. या तरतुदींकडे केवळ निर्बंध म्हणून पाहू नये. क्रमांक पुसू नये, हे कायदा जे सांगतो, तेच इतिहासही सांगतो.

करता येण्याजोगे

मग सामान्य कुटुंबाने करायचे काय? पिस्तूल परवान्यावर असेल तर ते रिकामे असल्याची खात्री परवानाधारक जाणकाराकडून करून घ्यावी आणि त्याचे सर्व बाजूंनी छायाचित्र काढावे. कारखान्याचे नाव, प्रत्येक भागावरचा क्रमांक, ठसे हे सारे वहीत लिहावे. जुना परवाना, खरेदीची पावती, काडतुसांची नोंदवही जपावी. घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून ते कोणी, केव्हा, कशासाठी घेतले हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. दुरुस्ती करावी लागलीच तर काय बदलले, कोणी बदलले याची पावती घ्यावी आणि काढलेला जुना भाग कायदेशीर रीतीने कारागिराकडे नोंदवून ठेवावा. शस्त्र निकामी करून संग्रहालयाला द्यायचे ठरले, तर निकामी करणे हाही एक बदलच आहे. त्याचीही नोंद हवी आणि ते करताना क्रमांकाला धक्का लागता कामा नये. शस्त्र जमा करायची वेळ आली तर त्याआधी संग्रहालयाला पत्राने कळवावे, म्हणजे ऐतिहासिक मोल असल्यास ते योग्य ठिकाणी जाऊ शकेल.

पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, शस्त्रे एकेक करून जमवली आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाच्या चिकाटीने केवढे काम उभे राहते, याचे ते संग्रहालय म्हणजे मूर्तिमंत उदाहरण. नाशिकजवळ भगूरला सावरकरांचे जन्मस्थान आहे, देवळालीला तोफखान्याची परंपरा आहे, डॉ. मुंजे यांनी १९३७ साली स्थापन केलेली भोसला सैनिकी शाळा आहे. शस्त्राविषयी आदर आणि संयम या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवण्याची परंपरा या भूमीला नवी नाही. घरोघरच्या शस्त्रांची कागदोपत्री नोंद गोळा करण्याचे काम येथून सुरू झाले, तर ते नाशिकला शोभेल. त्यासाठी एकही शस्त्र विकत घ्यावे लागत नाही. लागते ती वही, कॅमेरा आणि वडीलधाऱ्यांपाशी बसण्यासाठी थोडा वेळ.

वीस ब्राऊनिंग एका पेटीच्या तळातून या देशात आली. त्यांपैकी एखादे उद्या कोठल्या जुन्या घरात, कोठल्या पोलीस कोठारात कोणाच्या समोर आले, तर ते ओळखले जाईल काय? सांगणारी माणसे केव्हाच गेली. चार-सहा अंकांचा एक आकडा तेवढा सांगू शकेल, आणि तोही कोणी घासून काढला नसेल तरच. खंडेनवमीला शस्त्रावर कुंकू लावताना तो आकडा एकदा वाचून वहीत उतरवावा, एवढीच आजच्या या व्याख्यानाची विनंती.